वाचकांचे प्रश्न : गिरणीतलं भूत आणि रहस्यकार्टूनचं विडंबन

जुलैच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की हॅलोविनच्या रात्री दाखवायला जुन्या रहस्यकार्टूनचं विडंबन हा हौशी ॲनिमेशनकारांसाठी सगळ्यांत सोयीचा विषय आहे, कारण मूळ मालिकाच काटकसरीत बनलेली होती. त्यावर मुंबईच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. चित्रांच्या हिशेबावर जास्त लिहिलंय, कारण बहुतेक गट तिथेच अडतात.

आम्ही चार कॉलेजमित्र आहोत. स्कूबी-डूच्या धाटणीचं आठ मिनिटांचं मराठी विडंबन करायचंय. मूळ मालिकेतलं नेमकं काय घ्यायचं? सगळं घेतलं तर नक्कल होते, काहीच घेतलं नाही तर प्रेक्षकाला संदर्भच लागत नाही. – वाचक, गिरगाव

सांगाडा जसाच्या तसा घ्या आणि तो एकाच ठिकाणी मोडा. चार ठिकाणी मोडलात तर प्रेक्षकाला मूळ ओळखता येत नाही आणि हसू येत नाही.

मूळ मालिका, म्हणजे गाडीतून हिंडत रहस्यं सोडवणारी चार तरुणांची आणि स्कूबी-डू या कुत्र्याची टोळी, १३ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. हॅना-बार्बेरा या स्टुडिओची निर्मिती, जो रुबी आणि केन स्पीअर्स यांची कल्पना, पात्रांची रेखाटनं इवाओ ताकामोतो यांची. पहिल्या दोन वर्षांत पंचवीस भाग झाले आणि जवळजवळ प्रत्येक भागाची वाट एकच: गाडीतून येणं, भुताची वदंता, धागेदोरे, पाठलाग, फसलेला सापळा, मुखवटा उतरणं, खुलासा. पाठलागावर गाणं घालायची पद्धत १९७० च्या दुसऱ्या मोसमातली. प्रसिद्ध पाहुणे कथेत आणण्याची पद्धत १९७२ च्या पुढच्या मालिकेतली.

१९९९ च्या हॅलोविनला या सांगाड्याची दोन विडंबनं टीव्हीवर आली. दोन्ही अभ्यासण्यासारखी आहेत. साउथ पार्क या अमेरिकन विनोदी कार्टून मालिकेचा भाग २७ ऑक्टोबरला दाखवला गेला. त्यात त्यांनी आपली पात्रं आणि आपलं गाव तसंच ठेवलं आणि कॉर्न हा रॉक बँड गाडीतून रहस्य सोडवत हिंडणाऱ्या टोळीच्या जागी बसवला. म्हणजे १९७२ चा पाहुणाच इथे नायक झाला. शेवटी भुतांचा जो खुलासा होतो तो मुद्दाम न पटणारा आहे आणि मोडतोड तेवढीच. दुसरं कार्टून नेटवर्कनं थेट स्कूबी-डूच्याच पात्रांवर केलं आणि ३१ ऑक्टोबरला दाखवलं. त्या वर्षी गाजलेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या, हलत्या हाती कॅमेऱ्याच्या जंगलपटाची धाटणी घेऊन त्यांनी रेखाटलेली पात्रं खऱ्या चित्रणावर ठेवली. संवादाची ढब जुनीच, बदलली फक्त छायाचित्रणाची रीत.

आठ मिनिटांसाठी वाटणी अशी धरा: आगमन ४५ सेकंद, वदंता आणि संशयितांची ओळख सव्वा मिनिट, भुताचं पहिलं दर्शन ३० सेकंद, शोध दोन मिनिटं, पाठलाग एक मिनिट, सापळा आणि त्याचं फसणं एक मिनिट, मुखवटा २० सेकंद, खुलासा ५० सेकंद, शेवटचा विनोद २० सेकंद. खुलाशाला पन्नास सेकंदांपेक्षा कमी देऊ नका. घाईत केलेला खुलासा हा या प्रकारातला सगळ्यांत मोठा दोष. प्रेक्षक मागचे धागे मनात जुळवत असतो, त्याला तेवढा वेळ लागतो.

काम करणारे आम्ही दोघंच. आठ मिनिटांना किती चित्रं लागतील? कुणी सांगतं पाच हजार, कुणी पाचशे. – वाचक, भांडुप

दोघांचंही खरं आहे, पद्धत वेगळी. आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ११,५२० फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं, म्हणजे ॲनिमेटर ज्याला ऑन टूज म्हणतात तसं केलं, तरी ५,७६० चित्रं होतात. दोघांना ते दीड वर्षातही झेपणार नाही.

हॅना आणि बार्बेरा यांच्यापुढे हाच प्रश्न होता. एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचा कार्टून विभाग १९५७ मध्ये बंद पडला आणि चित्रपटगृहाच्या बजेटवर काम केलेल्या या दोघांना टीव्हीच्या तुटपुंज्या पैशात काम करावं लागलं. उपाय असा: जे हलत नाही ते पुन्हा काढायचं नाही. पात्र बोलतंय तर फक्त तोंड बदला, धड तसंच. त्यांच्या पात्रांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय असायचा, कारण डोकं वेगळ्या थरावर फिरवलं की मानेचा सांधा तिथे लपतो. तुमच्या पात्रांना उपरणं, मफलर, शाळेचा टाय, कॉलेजच्या ओळखपत्राची पट्टी, काहीही द्या, पण गळा मोकळा ठेवू नका.

आता हिशेब. एका पात्रासाठी डोक्याच्या दोन दिशा आणि धडाच्या तीन, तोंडं आठ गुणिले दोन दिशा म्हणजे सोळा, डोळे चार गुणिले दोन म्हणजे आठ, हात दहा, चालण्याचं चक्र बारा चित्रांचं, धावण्याचं सहा चित्रांचं, आणि दचकणं, लपणं, थरथरणं अशा खास मुद्रा वीस. बेरीज ७७. तीन पात्रं आणि एक भूत धरून ३०८. संशयितांसाठी आणि एकदाच येणाऱ्या दृश्यांसाठी नव्वद ठेवा. म्हणजे सुमारे चारशे.

एक चित्र साफ रेषेत रंगासकट पंचवीस मिनिटांत होतं असं धरा: १६७ तास. बारा पार्श्वभूमी, प्रत्येकी चार तास: ४८. आवाज आणि जुळणीला ४० तास. एकूण २५५ तास. दोघांनी रोज दोन-दोन तास दिले तर चौसष्ट दिवस. १५ ऑगस्टला बसलात आणि गणपतीचे दहा दिवस सोडले तर २८ ऑक्टोबर उजाडतो. म्हणून चित्रं वाढवू नका, उजळणीला तीन दिवसच उरतात.

सॉफ्टवेअर फुकटातलं पुरतं. थरांचं आणि कॅमेऱ्याचं काम ओपनटून्झमध्ये, पार्श्वभूमी क्रितात. सगळ्या चित्रांची नावं पहिल्या दिवशीच एका पद्धतीनं ठेवा: पात्र, दिशा, अवयव, क्रमांक. तीनशेव्या चित्रानंतर नावं बदलायला बसलं की जुळवलेले सगळे दुवे तुटतात.

पाठलागात पात्रं धावताना पाय जमिनीवर घसरल्यासारखे दिसतात. आणि तीच खिडकी पुन्हा पुन्हा येते ती लपवायची कशी? – वाचक, भांडुप आणि वाचक, मुलुंड

पाय घसरतात कारण पार्श्वभूमीचा वेग पावलाशी जुळलेला नाही. पात्राचं एक पाऊल पडद्यावर १८० पिक्सेल लांब असेल आणि त्याला बारा फ्रेम लागत असतील, तर पार्श्वभूमी दर फ्रेमला १५ पिक्सेल सरकली पाहिजे, ना कमी ना जास्त. वेग आधी अंदाजानं ठरवून मग चाल बसवायला गेलात तर जुळत नाही. आधी पाऊल मोजा.

तरीही पाय थरथरतात, त्याचं कारण दुसरं. पात्र ऑन टूज, पार्श्वभूमी मात्र प्रत्येक फ्रेमला सरकते. एका फ्रेमला टेकलेला पाय जमिनीबरोबर जात नाही, पुढच्या फ्रेमला उडी मारून जुळतो. पार्श्वभूमीही दोन फ्रेमला एकदा ३० पिक्सेल सरकवा, थरथर जाते. खूप वेगात सरकवलीत तर उभ्या कडा फडफडतात. तिथे सोपी वाट म्हणजे पार्श्वभूमी पुन्हा दर फ्रेमला सरकवणं आणि पाय दिसूच नयेत म्हणून पात्रं कमरेपासून वर दाखवणं. टीव्हीवरच्या जुन्या कार्टूनमध्ये पाय इतके कमी दिसतात त्याचं हेही एक कारण.

खिडकीबद्दल: ती लपवू नका, तिच्यावरच विनोद करा. १९२० पिक्सेलच्या पडद्यासाठी तीन पडदे रुंद, म्हणजे ५,७६० पिक्सेलची पट्टी रंगवा. तिचा शेवटचा एक पडदा पहिल्यासारखाच हवा, नाहीतर जोड दिसतो. मग चित्र दर ३,८४० पिक्सेलांनी पुन्हा येतं. दर फ्रेमला ४० पिक्सेलच्या धावेत ते ९६ फ्रेमनी, म्हणजे बरोबर चार सेकंदांनी. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेला एक लाल टॉवेल चार सेकंदांनी पुन्हा आला, पुन्हा आला आणि चौथ्या फेरीला टॉवेलवाली बाई तो काढून घेताना दिसली, की प्रेक्षागृह हसतं. त्या बाईला तीन चित्रं पुरतात.

भूत कोणतं घ्यावं? व्हॅम्पायर, भोपळा वगैरे आपल्याकडे उपरे वाटतात. आमच्या डोक्यात बंद गिरणी आहे. – वाचक, लालबाग

चकवा घ्या. मुंजाला पिंपळ लागतो, गिऱ्ह्याला पाणी, समंधाला राखण करायला काहीतरी ठेवा. चकव्याला जागा लागत नाही, तो माणसाला फिरवून पुन्हा त्याच ठिकाणी आणतो. वर सांगितलेली फिरती पट्टी म्हणजे चकवाच की! इथे काटकसर हीच कथा होते, आणि हे सुख परक्या भुतात मिळणार नाही. तुमच्या पात्रांना वाटतं चकवा लागला, प्रेक्षकाला वाटतं पार्श्वभूमी स्वस्तातली आहे, आणि खुलाशात निघतं की कुणीतरी गिरणीच्या चार खात्यांच्या दारांवर एकच पाटी लावली होती.

गिरणी निवडलीत हे उत्तम, पण तिला तिचा भार आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातली हजारो घरं उद्ध्वस्त झाली. त्या कामगाराला भूत करून त्याच्यावर हसू नका. भूत बनून फिरणारा माणूस जमिनीवर डोळा ठेवणारा असू द्या. मूळ मालिकेतही मुखवट्यामागे फार वेळा मालमत्तेचा लोभच निघतो, त्यामुळे हे चपखल बसतं. कामगाराच्या मुलीला धागा सापडू द्या. साच्यांची (म्हणजे मागांची), बॉबिनची, भोंग्याची माहिती तिला घरातून असणार.

धाग्यांचा नियम पाळा: तीन धागे, तिन्ही पडद्यावर किमान दीड सेकंद स्पष्ट दिसलेले, आणि गुन्हेगार पहिल्या दोन मिनिटांत येऊन गेलेला. विडंबन असलं तरी रहस्य प्रामाणिक हवं.

भूत दिसलं कसं याची युक्तीही खरी चालणारी असावी. १८६२ पासून रंगभूमीवर वापरली जाणारी पेपर्स घोस्टची युक्ती गिरणीत छान बसते. अंधाऱ्या खात्यात मोठी काच प्रेक्षकाच्या नजरेला ४५ अंशांत तिरकी उभी करायची. बाजूच्या आडोशाला माणूस, त्याच्यावर झगझगीत दिवा. काचेतून पलीकडचे साचेही दिसतात आणि माणसाचं अर्धपारदर्शक प्रतिबिंबही. दिवा मालवला की भूत गायब. काच सुपरवायझरच्या केबिनची. पहिला धागा: केबिनच्या खिडकीला काच नाही. दुसरा: जमिनीवर धुळीत सरळ रेघ. तिसरा: वीज तोडलेल्या गिरणीत एक वायर नवी. ओपनटून्झमध्ये भुताचा थर ४५ ते ५५ टक्के पारदर्शक ठेवा आणि काचेच्या कडेपाशी तो कापलेला दाखवा. चाणाक्ष मूल ती कड पहिल्या दर्शनातच पकडेल, आणि पकडायलाच हवी.

रात्रीची दृश्यं संगणकावर छान, मोबाइलवर नुसता काळोख. – वाचक, दादर

रात्र काळ्या रंगानं रंगवू नका. जांभळा, निळा, शेवाळी हिरवा घ्या आणि पार्श्वभूमीतला सगळ्यांत गडद भागही पंधरा टक्के उजेडाच्या खाली नेऊ नका. पात्रं सपाट, उजळ रंगांत. दृश्यात उजेडाची एक जागा ठरवा: जिन्यातला पिवळा बल्ब किंवा रस्त्यावरचा दिवा. परतीच्या पावसानं डांबर ओलं असेल तर त्याच दिव्याचं प्रतिबिंब खाली देता येतं आणि अर्धी चौकट आपोआप उजळते. तपासायची रीत सोपी: चित्र कृष्णधवल करून मोबाइलचा ब्राइटनेस निम्मा करा. पात्राची बाह्यरेषा एका नजरेत कळली पाहिजे.

गौशनं (अपारदर्शक जलरंगानं) कागदावर रंगवत असाल तर ३०० जीएसएमचा कागद घ्या, पातळ कागद ओला होऊन फुगतो आणि स्कॅनमध्ये सावल्या येतात. ३०० डीपीआयला स्कॅन करा. संगणकावर रंगछटा ओढल्या तर आकाशात पट्टे पडतात. दोन-तीन टक्के ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा, टाकला की जातात. यूट्यूबवर काळोखी दृश्यांचे चौकोन फुटतात, म्हणून अंतिम फाइल १४४० पिक्सेल उंचीला मोठी करून चढवा.

एक खूण जरूर वापरा. सेलच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानांवर चित्रं काढायच्या, काळात पार्श्वभूमी पोस्टर रंगात, छटांसकट रंगायची आणि हलणारी वस्तू वेगळ्या सेलवर सपाट रंगात. त्यामुळे फडताळातलं कोणतं पुस्तक ओढलं जाणार हे आधीच कळायचं. तुमच्या दृश्यात एक खटका असाच ठळक, सपाट रंगवा, पात्रांना तो ओढायला लावा आणि काहीच घडू देऊ नका. दार शेजारच्या, रंगात पूर्ण मिसळलेल्या विटेनं उघडू द्या. संगणकावर सगळं एकाच पोताचं दिसतं, त्यामुळे हा फरक मुद्दाम आणावा लागतो: वस्तूचा रंग भोवतालच्यापेक्षा वीस टक्के उजळ आणि कडेला एकसारखी काळी रेघ.

ओठ आणि संवाद जुळत नाहीत. तयार तक्ते इंग्रजीचे आहेत. – वाचक, कुर्ला

आधी आवाज, मग चित्र. चित्रावर आवाज बसवायला गेलात तर कधीच जुळणार नाही. मराठीला आठ तोंडं पुरतात: प-ब-भ-म साठी मिटलेलं, क, त, स, न यांसाठी दात जवळ, किंचित उघडं, अ-ए साठी मध्यम, आ साठी मोठं, इ-ई साठी ताणलेलं, ओ साठी गोल, उ-ऊ साठी लहान चंबू, व-फ साठी खालचा ओठ दाताखाली. रुबार्ब हे फुकट साधन आवाजातून तोंडांची यादी काढतं. त्यात फोनेटिक (नुसत्या ध्वनीवरून होणारी) ओळख निवडा, नेहमीची इंग्रजीसाठी असते. स्वर बरे येतात, मिटलेली तोंडं मात्र हातानं तपासा. मिटलेलं तोंड कमीत कमी दोन फ्रेम धरा, एका फ्रेमला ते दिसतच नाही आणि ‘मामा’चा ‘आआ’ होतो. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी उघडलं तर नैसर्गिक वाटतं, नंतर उघडलं तर लगेच खटकतं.

रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटासमोर, मागे गोधडी टांगून. पंखा आणि फ्रिज बंद. माइक तोंडापासून एक वीत, किंचित तिरका, म्हणजे प-फ चा फुत्कार आत जात नाही. ४८ किलोहर्ट्झ, पट्टी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ नये. रेल्वेलगत राहत असाल तर रात्री एकनंतर लोकल थांबतात, पहाटे चारला पुन्हा सुरू होतात. तोच वेळ. शेवटी खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट टिपून ठेवा, संवाद कापल्यावर मधल्या फटी भरायला लागते.

जुन्या मालिकेसारखा हशा मागे घालावा का? – वाचक, वडाळा

घाला. मूळ मालिकेत तो होता आणि विडंबनात तो लगेच ओळखू येतो. हशा विनोदानंतर सहा ते आठ फ्रेमनी सुरू करा आणि तेवढा वेळ पात्राला थांबवून ठेवा. इंटरनेटवरचा घेऊ नका, पंधरा मित्र एका हॉलमध्ये बसवून तीन प्रकार टिपा: खुसखूस, मोठा हशा, एकट्याचं उशिरा हसणं. तिसरा एकदाच वापरा.

नाव आणि गाडी तशीच ठेवली तर कायद्याची अडचण येईल? – वाचक, अंधेरी

येऊ शकते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, विडंबनाचा वेगळा उल्लेख नाही. केरळ उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या नाटकाच्या बाजूनं कौल दिला होता, पण प्रत्येक प्रकरण वेगळं तपासलं जातं. कथेची वाट कुणाच्या मालकीची नसते. पात्रांची नावं, चेहरे, गाडीवरचं नक्षीकाम आणि शीर्षकगीत मात्र घेऊ नका. गाडीऐवजी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा शाळेची रिक्षा द्या, कुणाचं विडंबन चाललंय हे प्रेक्षकाला पहिल्या दहा सेकंदांत कळतं.

हॅलोविनचा भाग म्हणून दफनभूमीत एक दृश्य ठेवलंय. चालेल? – वाचक, वांद्रे

आम्ही काढून टाकायला सांगू. ३१ ऑक्टोबर ही १ नोव्हेंबरच्या संतांच्या सणाची पूर्वसंध्या आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. वांद्रे, वसईतली कुटुंबं त्या दिवसांत कबरी स्वच्छ करतात, फुलं-मेणबत्त्या ठेवतात. तुमचे प्रेक्षक दुसऱ्याच दिवशी तिथे उभे असतील. दृश्य गिरणीच्या गोदामात हलवा, पार्श्वभूमी एक वाचेल.

मुंबईत हे शिकायला, बघायला कुठे जावं? – वाचक, घाटकोपर

पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बघण्यासाठी पेडर रोडवरचं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय. ते २०१९ पासून खुलं आहे. त्याच आवारातल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेच्या कार्टून विभागात १९५६ मध्ये डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स शिकवायला आले होते आणि ॲनिमेशनकार राम मोहन तिथेच घडले. फिल्म्स डिव्हिजनचाच, पण भीमसैन यांनी ॲनिमेट केलेला १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट जरूर बघा, मर्यादित हालचालीत किती बोलता येतं ते कळेल.

सोसायटीच्या गच्चीवर दाखवायचंय. प्रोजेक्टर भाड्यानं कोणता घ्यावा? – वाचक, बोरिवली

तीन हजार ल्युमेनचा, पडदा नऊ फूट रुंद, त्यापेक्षा मोठा केलात तर रात्रीची दृश्यं फिकी पडतात. चादर एकेरी नको, उजेड आरपार जातो. दुहेरी घ्या, खाली बांबू अडकवा, गच्चीवर वारा असतो. ऑक्टोबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, साडेसातला अंधार पक्का होतो. पाण्याच्या टाकीजवळचा आणि जिन्याच्या तोंडाचा दिवा बंद ठेवायला सेक्रेटरींना आधी सांगा आणि जिन्यात एक टॉर्चवाला उभा करा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे दोन खेळ करायचे असतील तर दुसरा नऊला सुरू करा. आणि फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा, गच्चीवरच्या वायफायवर विसंबू नका.